ओवरची लाट

ऑक्टोबरात दुआर्तनं एक ओळ बदलली.
पोर्तुगालमध्ये, आब्रांतिश नावाच्या गावी,
मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी.
त्याच्याही भाषेत ओवर लाट असते,
छापताना ती गळते हे त्याला बघवेना.
एक ओळ. मग त्यानं नवी आवृत्ती जाहीर केली
आणि भांडी घासली.

तेव्हापासून ती ओळ माझ्याकडे आहे.

मी राइत. एस्टोनियातल्या विल्यांदीत, गावाच्या बॉयलरवर रात्रपाळी.
लाकडाचा चुरा आत जातो, गरम पाणी घरोघर फिरतं,
आणि काटे स्थिर असले की मी पुडकी बांधतो:
कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम
कोणाच्यातरी कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये उतरावा
म्हणून जे जे करावं लागतं, ते.
पगार नाही. हे आईला तीनदा समजावून झालंय.

नोव्हेंबरात हीउमा बेटावरून ओइल्मे राउद यांचं पत्र आलं.
शाळेत गाणं शिकवतात, वय एकाहत्तर.
"प्रिय राइत, गाणं छापलं की ओवरची लाट जाते.
ओळ आहे: जमिनीला कान लाव.
छापून येतं: जमिनीला टोपली लाव.
मुलं हसतात. तक्रार नाही माझी, पण
माझ्या नावाचं पहिलंच अक्षर तसं आहे."

मी लिहिलं: दुरुस्ती झालेली आहे. थोडेच दिवस.

थोडे दिवस म्हणजे काय ते सांगतो.
ताट वाढून तयार, पाट मांडायचे राहिलेले.
नव्या आवृत्तीला अक्षरांची नवी लायब्ररी हवी,
जुनीवर आणखी एकेचाळीस प्रोग्राम टेकलेले,
आणि टेकलेल्याला न विचारता भिंत सरकवता येत नाही.
चाळीस जण हो म्हणाले.
एकेचाळिसावा सांभाळते मारिसोल, चिलीत,
तिला नुकतंच मूल झालेलं.
तरी मी विचारलं. नंतर लाज वाटली.
जानेवारीत तिनं उत्तर दिलं, एका हातानं टाइप केलेलं.
मग एका जुन्या प्रोसेसरवर चाचणी नापास:
जगात तो वापरणारे उरलेत किती, सहा?
त्यातला एक मला दर आठवड्याला लिहितो.
मग एका चित्राचा मालक सापडेना,
टाचणीच्या डोक्याएवढं चित्र, प्रिंटरचं.
परवानगीशिवाय ते पुढे जात नाही, जाऊही नये.
शेवटी मीच नवं काढलं. पावासारखं दिसतं.

तोवर फ्रीझ लागला.
आता नवं काही घ्यायचं नाही, आहे ते घट्ट करायचं.
नियम चांगला आहे, मी त्याच्याच बाजूनं मत दिलं होतं.
त्याच आठवड्यात समुद्रही गोठला,
बेटाची बोट दिवसातून एकदाच, बर्फ फोडत.
ओइल्मेबाईंनी लिहिलं, "दूध उशिरा येतंय, पण येतंय.
तुमचं कसं चाललंय?"

या प्रश्नाचं उत्तर मी चार वेळा लिहिलं,
चारही वेळा खोडलं.

मार्चमध्ये कळलं, चाळीस प्रतींवर त्या
पेन्सिलीनं लाटा काढतायत. एका प्रतीवर सतरा.
सहाशे ऐंशी. गुणाकार मी बॉयलरसमोर केला.
मग मुलांनीच कामं वाटून घेतली म्हणे:
एकाची लाट गांडुळासारखी, एकीची उडत्या कुररीसारखी,
एक डावखुरा पोरगा उलट्याच काढतो,
त्या तशाच ठेवल्यात.

पुडकं सुटलं एकोणीस मेला, पहाटे चारला.
गावाला कळायचं काही कारण नव्हतं. काटे स्थिर होते.
बेटावरचं गाणं अकरा तारखेलाच होऊन गेलेलं.
आणि दुआर्तची पुढची आवृत्ती एप्रिलमध्ये आलीय,
तीही माझ्याकडेच आहे.

जूनमध्ये पोस्टानं एक पुडकं आलं, धुरी दिलेले मासे.
तपकिरी कागद, सुतळी, एका ओढीत सुटणारी गाठ.
बेटावरून विल्यांदी, दोन दिवस.
पाठवणारीचं नाव छापलेलं, लाट जागच्या जागी,
आणि तिच्यावर, सवयीनंच असणार,
पेन्सिलीची आणखी एक.